मोरिओच्या हातात माईक देऊ नका

आमच्या बेटावर लग्नात केक कापत नाहीत. केकमध्ये सुरी ठेवतात. साके दारूचं पिंप फोडत नाहीत, उघडतात. समारंभ संपत नाही, तोही उघडतो. पाहुणे परत जात नाहीत, रजा घेतात. तुटणं, फुटणं, कापणं, परतणं, शेवट, निरोप यातला एक शब्द जरी मांडवात पडला तरी म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघतात, आणि उद्या नवरा-नवरीचं भांडण झालं तर त्याचं खापर त्या शब्दावर आणि तो उच्चारणाऱ्यावर फुटतं.

हे मला कळतं, कारण गेली कित्येक वर्षं इथल्या एकूण एक लग्नात माईक माझ्या हातात असतो. आमचं विजेच्या सामानाचं दुकान. माईक आमचा, भोंगे आमचे, अँप्लिफायर आमचा. माझ्या नवऱ्याला चार माणसांसमोर उभं केलं की घाम फुटतो, म्हणून बोलायला मी. इसोए उभी राहिली की लग्न सुखरूप पार पडतं असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मीच म्हणते, पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही.

तर अशा मला घाम फोडणारा एकच माणूस या बेटावर आहे. तो म्हणजे आमच्या समोरचा न्हावी, काजितानी मोरिओ.

माणूस वाईट नाही हो. देवमाणूस म्हणा हवं तर. त्याचं एकच वेड होतं, तोबिउओ. तोबिउओ म्हणजे उडता मासा, पण मी माशाबद्दल बोलत नाहीये. आमच्या तरुणपणी त्या नावाचा गाणाऱ्या पोरांचा एक ताफा होता. तिघेजण, दोन गिटारी, एक व्हायोलिन, पायात घोळदार विजारी आणि केस खांद्यापर्यंत. देशभर वेड लावलं होतं त्यांनी. ‘शेवटची बोट’, ‘अर्धं कलिंगड’, ‘मागचं दार’, ‘तुझा पत्ता खोडला’. नावांवरूनच लक्षात आलं असेल. तोबिउओच्या एकाही गाण्यात कधी कोणाचं भलं झालं नाही. पोरगी जाते, पोरगा धक्क्यावर उभा राहतो, व्हायोलिन रडतं. पुढच्या गाण्यात पोरगा जातो आणि पोरगी उभी राहते. एवढाच काय तो बदल.

आता न्हाव्याच्या पोराने यांच्या नादी लागावं का? त्या तिघांच्या पायी देशातल्या पोरांनी केस कापणं बंद केलं होतं. मोरिओचा बाप, थोरला काजितानी, दुकानाच्या दारात हात मागे बांधून उभा राहायचा आणि समोरून चाललेल्या झिपऱ्या पोरांकडे बघून दात खायचा. आणि आत त्याचाच मुलगा, खांद्यापर्यंत केस वाढवून, गिऱ्हाइकाच्या मानेला साबण लावत गुणगुणतोय, ‘गेली बोट, गेली गं…’

“माझ्या अन्नात माती कालवणाऱ्यांची गाणी माझ्याच दुकानात?” म्हातारा ओरडायचा.

“बाबा, ते कुठे कोणाला केस कापू नका म्हणतात? ते फक्त रडतात,” मोरिओ म्हणायचा.

गिऱ्हाइकांनाही ते चमत्कारिक वाटायचं. आमचे हे एकदा खुर्चीत बसून म्हणाले, “स्वतःचे कापत नाहीस आणि माझे कापतोस. आचाऱ्याने उपास धरल्यासारखं वाटतं.” तेव्हापासून मोरिओ कामाच्या वेळी केस टोपीत खोचू लागला. तेवढीच सुधारणा.

एवढं वेड कशाने लागलं हे गावाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मोरिओची मोठी बहीण सुमिए माझ्या वर्गातली. आम्ही दोघी एकाच बाकावर वाढलो.

सुमिएचं लग्न पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरात लावून दिलं होतं. घर मोठं आणि सासू त्याहून मोठी. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी सुमिए बोटीने आली, हातात कापडात बांधलेलं एक गाठोडं. पुढून दुकान चालू, गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून ती मागच्या दाराने गेली. म्हाताऱ्याने तिला खिडकीतून येताना बघितलं आणि आतून कडी घातली. सासरी गेलेली लेक परत आली तर काजितानींच्या तोंडाला काळं लागेल, असं त्याचं म्हणणं. मोरिओ केर काढत होता. तो झाडू टाकून मागच्या दारापर्यंत गेला, कडीला हात लावला. मागून बाप म्हणाला, “बस.” आणि पोरगा बसला. अरे, वीस वर्षांचा घोडा. पण बसला. तेव्हा सगळेच बसायचे.

सुमिए मला नंतर म्हणाली, “मला त्याच्या चपलांचा आवाज दारापर्यंत आलेला ऐकू आला गं. मग थांबला.” ती आल्या पावली धक्क्यावर गेली, शेवटची बोट पकडली, ओसाकाला गेली, आणि तव्यावर कोबीची धिरडी घालणाऱ्या एका बाईच्या टपरीत कामाला लागली. पुढे ती टपरी तिनेच घेतली. तिचं काही वाईट झालं नाही. पण घर सुटलं ते सुटलं.

आणि पुढच्याच वर्षी तोबिउओचं ‘मागचं दार’ आलं. एक मुलगी संध्याकाळी माहेरच्या मागच्या दाराशी उभी आहे, आत पावलं वाजतात, दारापर्यंत येतात, थांबतात. ती शेवटच्या बोटीने निघून जाते. मोरिओ ती तबकडी हातात घेऊन रस्ता ओलांडून धावत आमच्या दुकानात आला. तोंड पांढरं पडलेलं.

“इसोए वहिनी, आपल्या गावातलं कोणी टोकियोला राहतं का?”

“का रे?”

“यांना कोणी सांगितलं असेल?”

मी म्हटलं, “अरे वेड्या, दारं काय आपल्याच गावात आहेत?” पण त्याला पटलं नाही. त्या दिवसापासून दुकानात सकाळ-संध्याकाळ तोबिउओ. ताफा पुढे मोडला, तिघांची डोकी पांढरी झाली, झिपऱ्या पोरांना टक्कल पडलं आणि ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली, तरी मोरिओच्या टेपवर तीच गाणी. टेप आमच्याच दुकानातला. मी तो इतक्या वेळा दुरुस्त केलाय की त्यात मूळचं काही उरलेलं नाही.

बाप गेल्यावर मोरिओने पहिलं काम केलं ते म्हणजे स्क्रू काढून मागच्या दाराची कडी उतरवली. मग नवी लावलीच नाही. चोर येत नाहीत, मांजरं येतात. त्याची बायको तोमिए गेली कित्येक वर्षं मासे कपाटात कोंडून ठेवते आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडते. सुमिए बापाच्या दिवसांना आली, देवघरासमोर उदबत्ती लावली, नमस्कार केला आणि पुढच्या दाराने निघून गेली. चहाला थांब म्हटलं तर म्हणाली, “बोट आहे.” नंतर जेव्हा केव्हा आली तेव्हा तिची बोट असायचीच.

आता लग्नांकडे येते. इथे लग्नात मित्रमंडळींनी गायचं असतं. मोरिओचा आवाज चांगला, हे मी नाकारत नाही. पण त्याला येतात ती फक्त तोबिउओची गाणी. पहिल्यांदा तो मासेविक्या ओकिहाराच्या लग्नात उभा राहिला आणि सरळ ‘शेवटची बोट’ सुरू केलं. नवरदेवाची आत्या तोंडावर किमोनोची बाही धरून बाहेर गेली. वर्षाच्या आत नवरी पण बाहेर गेली. दुसऱ्या लग्नात त्याला म्हटलं, बाबा, जरा हलकं काहीतरी म्हण. त्याने ‘अर्धं कलिंगड’ म्हटलं. का, तर त्यात खाण्याचं आहे. कलिंगड कापतात, अर्धं तिच्यासाठी ठेवतात आणि ते सडतं. ते जोडपं पण गेलं. तिसरं दातांच्या डॉक्टरचं. ते दोघं मधुचंद्राला हवाईला गेले आणि बेटावर आले ते वेगवेगळ्या बोटींनी.

झालं. गावाने कानाला खडा लावला. ज्यांच्या लग्नात मोरिओ गायला नव्हता त्यांच्यातलीही मोडलीच की काही, पण ती कोण मोजतो? निमंत्रण द्यायला आलेली माणसं मला बाजूला घेऊन सांगायची, “मोरिओला बोलावलंय, शेजारधर्म आहे. पण त्याच्या हातात माईक देऊ नका.” मी त्याला माईकपासून लांबात लांब टेबलावर बसवायची. तोही बिचारा समजून असायचा. शुभकार्याचा लाल भात खायचा, बीअर प्यायचा, टाळ्या वाजवायचा. दुसऱ्यांची गाणी ऐकताना त्याचे ओठ हलायचे, तेवढं मी चालवून घ्यायची.

आणि मग त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं.

चिनात्सु म्हणजे एकुलती एक. गुणाची पोर. पलीकडच्या किनाऱ्यावर बँकेत नोकरी, तिथलाच मुलगा पसंत केला. शुहेइ काशिवागी, माशाच्या वड्या बनवणाऱ्या जुन्या कारखान्यातला. घराणं मोठं. सुमिएला दिली होती तसलंच मोठं, म्हणून मोरिओ पहिल्या दिवसापासून काळजीत. मुलगा चांगला होता, पण घरात आजी होती. फुजिनो आजी, वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून फळीसारखी ताठ. साखरपुड्याला आली तेव्हा तिने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ बघितली. धूळ नव्हती, कारण तोमिए आठवडाभर तेच करत होती.

लग्न आमच्याच बेटावर, धक्क्यासमोरच्या हॉटेलात. काशिवागी मंडळी बोटीने येणार. माईक अर्थातच माझा.

लग्नाआधी तोमिए माझ्याकडे आली. “इसोए वहिनी, एकच मागणं आहे. ह्यांनी गायचं नाही. ह्यांनी तोंड उघडलं तर मी सांगून ठेवते, मी माझ्या भावाकडे निघून जाईन.”

मी म्हटलं, “म्हणजे लेकीच्या लग्नात आईच माहेरी परत. हा अपशकुन नाही वाटतं?”

ती म्हणाली, “थट्टा करू नका हो, माझ्या जिवाला घोर आहे.” मी शब्द दिला.

ती बाहेर पडते न पडते तोच चिनात्सु आली. “इसोए काकू, बाबांना गाऊ द्या ना.”

“तुझी आई आत्ताच येऊन गेली.”

“मला माहितीये. पण मी ती गाणी ऐकत झोपलेय, काकू. ‘शेवटची बोट’ लागलं की मला अजून जांभई येते. बाबांनी माझ्या लग्नात गप्प बसायचं म्हणजे… ते घरात तरी कुठे बोलतात?”

तिसरा आला तो मोरिओ स्वतः. टोपी हातात. दुकानात कोणी नाही बघून स्टुलावर बसला आणि टोस्टरकडे बघत बोलू लागला.

“वहिनी, लग्नात पोरीच्या बापाने भाषण करायचं नसतं ना?”

“नसतं. दोन्ही घरांच्या वतीने मुलाचा बाप बोलतो. तू दाराशी शेवटच्या… म्हणजे दाराजवळच्या टेबलावर बसायचंस आणि वाकायचंस.”

“मला तिला एक गोष्ट सांगायचीये.”

“मग घरी सांग की.”

“घरी सांगायला तोंड उघडलं की ती म्हणते, बाबा, चहा घ्या. मग मी चहा घेतो.” तो टोपी फिरवत राहिला. “आणि मला ते सगळ्यांच्या देखत सांगायचंय. त्या आजीच्या देखत. ताईच्या देखत. ताई येणारे.”

“काय सांगायचंय एवढं?”

“की नाही जमलं तर परत ये. आपल्या मागच्या दाराला कडी नाही.”

मी त्याला म्हटलं, आधी चूळ भर. परत! लग्नात, नवरीला, तिच्या बापाने! अख्ख्या यादीतला सगळ्यात वाईट शब्द. इतके दिवस गाण्यांतून निसटायचं ते वेगळं, हा तर उघड्या तोंडाने म्हणणार. “ते जमायचं नाही,” मी म्हटलं. “ते बोललास तर ते लोक आल्या बोटीने जातील आणि पोरीच्या डोक्यावर जन्मभर बसेल ते.”

 त्याने वाद घातला असता तर मी भांडले असते. पण तो मान खाली घालून बसला, आणि मला तो बापाने “बस” म्हटल्यावर असाच बसला असेल असं वाटलं. मी चिडलेच. त्याच्यावर, त्याच्या बापावर, कोणावर ते माहीत नाही.

“हे बघ,” मी म्हटलं, “गाणं म्हण. ‘मागचं दार’च म्हण. पण शब्द मी बदलणार. आणि बदललेलेच म्हणायचे.”

बसलो आम्ही दोघं. संध्याकाळ होती ती सकाळ केली. मागचं दार होतं ते पुढचं केलं. शेवटची बोट पहिली झाली. मुलगी रडत होती, तिला हसवली. ती निघून जात होती, तिला आणली. पावलं थांबत होती, ती मी चालवली. मोरिओने ते सगळं एका दमात वाचलं.

“वहिनी, यात गाणं कुठाय? ‘सकाळची पहिली बोट आली, पुढचं दार उघडलं, सगळे हसले.’ हे तर बोटीचं वेळापत्रक झालं.”

“लग्नात वेळापत्रकच बरं,” मी म्हटलं. आणि तोमिएला निरोप धाडला की काळजी नको, गाण्याचे दात काढलेत, आणि तरी काही वेडंवाकडं निघालं तर अँप्लिफायरचं बटण माझ्या अंगठ्याखाली असेल.

लग्नाच्या दिवशी सगळं कसं झकास चाललं होतं. चिनात्सु दिसतही सुरेख होती. वधूपित्याची ओळख करून देताना मात्र मला ठेच लागणार होती, कारण ‘केस कापतात’ म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, “वधूचे वडील तीस वर्षं गावातल्या पुरुषमंडळींना देखणं करत आहेत.” आमच्या बाजूच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, “कधीपासून?” आणि हशा झाला. फुजिनो आजी हसली नाही. तिच्या शेजारी तिचा नवरा, तात्सुगोरो आजोबा, सगळं जग विसरून खेकड्याची नांगी सोलत होता. सुमिए दाराजवळच्या नातेवाइकांच्या टेबलावर, काळ्या किमोनोत, हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखी बसली होती.

केकमध्ये सुरी ठेवून झाली, मुलाच्या साहेबांचं भाषण झालं, मुलीच्या मैत्रिणींनी गायलं. आणि मी नाव पुकारलं.  ओकिहारा मासेविक्याने हातातला ग्लास खाली ठेवला. त्याचं दुसरं लग्न झालंय, तरी अजून धास्ती आहे. तोमिएने डोळे मिटून घेतले.

मोरिओ उभा राहिला. भाड्याचा कोट, मागे बांधलेले पांढरे केस. माझ्या नवऱ्याने नुसत्या चालीचा टेप लावला, व्हायोलिन वाजलं आणि मोरिओने आमचं वेळापत्रक सुरू केलं. सकाळची पहिली बोट आली. पुढचं दार उघडलं. सगळे हसले. काशिवागींच्या टेबलावर माना डोलू लागल्या. एवढ्या रडक्या चालीवर एवढा आनंदी मजकूर त्यांनी ऐकला नसावा, पण गाणं निर्धोक होतं. मी अंगठा जरा सैल सोडला. तोमिएने एक डोळा उघडला.

दुसऱ्या कडव्यात पावलं दारापर्यंत येतात. तिथे मोरिओ थांबला.

व्हायोलिन पुढे गेलं, तो गेला नाही. माझ्या नवऱ्याला वाटलं टेपचा घोटाळा झाला, त्याने टेप बंद केला. मूर्ख माणूस. आता झाकायला व्हायोलिनसुद्धा उरलं नाही.

“चिनात्सु,” मोरिओ म्हणाला.

मी बटण दाबलं. माईक बंद. पण तीस वर्षं केस वाळवायच्या यंत्रांच्या घरघरीवरून गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस तो, त्याला माईकची गरज कधी होती?

“चिनात्सु, तिकडे सुखाने राहा. शुहेइ चांगला मुलगा आहे. पण नाही जमलं, तर परत ये. कधीही ये. पुढच्या दाराने ये, मागच्या दाराने ये. कोणी काय म्हणेल ते मी बघून घेईन. तू दाराशी आलीस आणि मी आतून उठलो नाही, असं होणार नाही. मी एकदा बसलो होतो. आता बसणार नाही.”

परत. बापाने. नवरीला.  मुलाच्या आईच्या जेवायच्या काठ्यांतला मासा ताटलीत पडला. मुलाचा बाप, ज्याला अजून दोन्ही घरांच्या वतीने बोलायचं होतं, तो आपल्या आईकडे बघू लागला. सगळेच फुजिनो आजीकडे बघू लागले.

आजीने तोंड पुसलं. रुमालाची घडी घातली. आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “मला माझ्या बापाने हे सांगितलं असतं ना, तर मी आठवड्यात परत गेले असते.”

तात्सुगोरो आजोबांनी खेकड्यावरून मान वर केली नाही. “माहितीये मला,” ते म्हणाले. “म्हणून तर मी सासरेबुवांना मांडवातच पाजून झोपवलं होतं.”

पहिल्यांदा हसला तो शुहेइ. मग त्याची आई, मग अख्खा हॉल. ओकिहारा तर टेबलावर हात आपटून हसला. आजी हसली नाही, तिने आजोबांच्या ताटलीतली सोललेली नांगी उचलली आणि खाल्ली. सत्तावीस लग्नं… जाऊ दे, मोजत नाही, पण इतक्या लग्नांत मी असा हशा ऐकला नव्हता.

चिनात्सु मंचावर उभी राहिली. त्या झग्यात उभं राहणं सोपं नव्हतं, दोघींनी मागून धरलं. तोंडावरचा रंग ओघळून हनुवटीपर्यंत आला होता.

“ऐकलं, बाबा,” ती म्हणाली. “आता चहा घ्या म्हणणार नाही. गाणं पुरं करा.”

शुहेइ तिच्या शेजारी उठला आणि वाकला. “बाबा, मी एकटा आलो तर चालेल का?”

“केस वाढले की ये,” मोरिओ म्हणाला.

मी बटण पुन्हा चालू केलं. नवऱ्याला खूण केली. आणि मोरिओने शेवटचं कडवं म्हटलं, ते माझं नाही, तोबिउओचं. संध्याकाळ, मागचं दार, थांबलेली पावलं, शेवटची बोट, सगळे अपशकुनी शब्द एकामागोमाग एक. त्याचा आवाज वरच्या सुरावर फाटला. मी थांबवलं नाही. बेटावरची सगळी पन्नाशीची माणसं, ज्यांनी त्याला इतकी वर्षं माईकपासून लांब बसवलं होतं, ती त्याच्याबरोबर गात होती. शब्द सगळ्यांना पाठ होते. लबाड कुठली.

समारंभ उघडल्यावर रीतीप्रमाणे दोन्हीकडचे आईबाप दाराशी रांगेत उभे राहिले. पाहुणे आहेराच्या पिशव्या घेऊन एकेक करून वाकून रजा घेत होते. फुजिनो आजीने मोरिओसमोर थांबून एवढंच म्हटलं, “पोरीची काळजी करू नका. आणि परत येईल असंही धरून चालू नका.” मोरिओ जमिनीपर्यंत वाकला.

सगळ्यांच्या मागून सुमिए आली. ती गावात आली की धक्क्यावरच्या लॉजवर उतरायची. त्या दिवशीही तिथेच तिची खोली होती. ती भावाशी बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याजवळ आली.

“इसोए, तुझ्याकडे लॉजचा नंबर असेल ना? त्यांना सांग, खोली नको.”

मला वाटलं, बिनसलं हिचं. “का गं? आत्ता निघालीस? अगं, बोटीला अजून वेळ आहे.”

“बोट नाही पकडायची. घरी झोपणारे.”

मोरिओचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.  बोलली ती तोमिए, तेही कपाळावर हात मारून. “अगंबाई, आधी सांगायचं ना वन्सं! पाहुण्यांची गादी उन्हात घातलेली नाही. दमट असेल हो ती.”

“असू दे दमट,” सुमिए म्हणाली आणि तिने आहेराची पिशवी भावापुढे धरली. मोरिओने हात पुढे केला, पण त्याला काही दिसत नव्हतं, त्याचा हात दोनदा भलतीकडेच गेला. शेवटी ती पिशवी मी घेतली आणि आम्ही घरी निघालो.